घरच्यांना एक गुण कमी

मेलबर्न,
१४ सप्टेंबर १९९३

प्रिय आई,

मटण पोचलं. दोन्ही खोकी, बर्फासकट. शनिवारी क्लबच्या मागच्या अंगणात शेगड्या पेटवून सगळ्यांनी ताव मारला. फुटबॉलचा हंगाम संपल्याचं जेवण, आणि यंदा आपला संघ, टिटव्या, तळापासून तिसरा. त्यामुळे चेहरे सुतकीच होते. पण तुझ्या मटणाने तेवढ्यापुरता जीव आला. वॉली प्रॉसर हाड चोखत मला म्हणाले, "मास्तरीणबाई, आईला सांग, पुढच्या वर्षी मटण नको. एक साडेसहा फुटी पोरगा पाठव म्हणावं."

सगळे हसले. आणि आई, लीथही हसला. नुसता ओठ हलवून नाही, मोठ्याने. तुला आठवतं, रेडिओवरच्या शाळेत, आपल्या मळ्यावर बसून, त्याची पाळी आली की तो बटण दाबून ठेवायचा आणि तोंडातून अक्षर निघायचं नाही? त्या बाई तिकडून विचारत राहायच्या, "लीथ, यारामिंटावर कुणी आहे का?" तो मुलगा आता दहा जणांच्या घोळक्यात बसून दुसऱ्याच्या ताटातलं मटण पळवतो. तो बोलत नाही म्हणून पोरांनी त्याचं नाव 'रेडिओ' ठेवलंय. "ए रेडिओ, जरा आवाज कमी कर की!" असं कुणी ओरडलं की तो लाजतो, पण त्याला ते आवडतं. तेवीस वर्षांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा सोबती मिळालेत. मी लांबून पाहते आणि मला बरं वाटतं.

आता माझं काम वाढणार. पुढच्या महिन्यात खेळाडूंची अदलाबदल. कुणाला द्यायचं, कुणाला घ्यायचं हे वॉली ठरवतात, पण त्याआधी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण मी द्यायचे. सात गुण मोजणीचे: चेंडूला मारलेल्या लाथा, हाताने घेतलेले झेल, समोरच्याच्या पकडी, हे सगळं टेपवर पाहून. उरलेले तीन नजरेचे, म्हणजे जे मोजता येत नाही त्याचे. सोबत्याची वाट मोकळी करणं, झेल आपल्या हाती येणार नाही हे माहीत असूनही समोरच्याचा मोडण्यासाठी अंग झोकून देणं. लीथचं सगळं खेळणं त्यातच आहे. मागच्या कोपऱ्यात उभा राहून तो दुसऱ्याचा खेळ बिघडवतो, मोजायला हाती काही लागत नाही.

मी वॉलींना म्हटलं, माझ्या भावाचे गुण दुसऱ्या कुणाकडून घ्या. ते म्हणाले, "पोरी, तू त्याला वाढवून देशील अशी मला भीती असती तर तुला नोकरीच दिली नसती." म्हणून मीच दिले. साडेपाच. खरं सांगायचं तर टेप दोनदा पाहून मनात साडेसहा आले होते. पण ते लिहिताना हात अडखळला. उद्या कुणी म्हणालं, बहिणीने दिले? मग जेवणाच्या टेबलावरची तुझी शाळा आठवली. मी, लीथ आणि स्वयंपाकीणबाईंची डल्सी. डल्सीला जेवढे पडले तेवढे, आणि आम्हा दोघांना एक कमी. "घरच्यांना एक गुण कमी, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको." मी नजरेच्या गुणांतला एक काढला.

बरोबर केलं ना? एका गुणाने तसं काही होत नाही. तरी तू सांगितलंस म्हणजे झोप लागेल.

तुझी,
नेरिडा


यारामिंटा,
२२ सप्टेंबर

प्रिय नेरिडा,

बरोबर केलंस. आणखी काय सांगू? पत्र वाचून मला इतका अभिमान वाटला की तुझ्या बाबांना कुंपणावरून हाक मारून बोलावलं. ते हातात पक्कड घेऊन आले, त्यांना वाटलं साप निघाला. मग उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाले, "पोरगं साडेपाचाचं नाहीये ग्लेनिस." मी म्हटलं, ते नेरिडालाही माहीत आहे, तोच तर मुद्दा आहे. त्यावर ते "हं" म्हणून परत गेले. त्यांचं 'हं' तुला ठाऊकच आहे.

लीथचं काय बिघडणार आहे एका गुणाने? लहानपणभर कमी घेतला, वाळला का? उलट जिद्द आली. त्याला मात्र सांगू नकोस. रविवारी फोन आला होता त्याचा. पण फोनवर तुझे बाबा पावसाशिवाय कुठला विषय काढू देत नाहीत, आणि शेजारच्या मळ्यावरची थेल्मा आमच्या सामायिक लाइनीवर श्वास रोखून ऐकत असते. शेवटी मीच म्हटलं, "थेल्मा, तुझी केटली शिट्टी मारतेय बघ." तेव्हा ठेवला तिने.

मेंढ्यांची कातरणी संपली. कातरणाऱ्यांच्या जिभेचे यंदा फार चोचले, रोज पुडिंग हवं. दक्षिणेकडच्या कुंपणातून एमू शिरले आहेत. डल्सीला तिसरी मुलगी झाली. नाताळच्या आधी माहेरी येईल.

तुझ्यासारखा सरळ हात सगळ्यांना मिळत नाही. तो जप.

आई


मेलबर्न,
११ ऑक्टोबर

प्रिय आई,

लीथने फोन केलाच असेल, त्यामुळे बातमी शिळी. पर्थच्या ड्रमंड कोव्ह क्लबकडून आपल्याला हॅलोरन मिळाला. उंच, मध्ये उडी मारून चेंडू काढणारा, वॉलींना दोन वर्षं हवा होता तो. त्याच्या बदल्यात नव्या मुलांच्या निवडीतली आपली पाळी गेली, एक पुढचा खेळाडू गेला, आणि लीथ.

क्लबने ठरवलं. असं होतं. हो म्हणाला नसता तर यादीतून नाव निघालं असतं आणि कुठलाच क्लब राहिला नसता, म्हणून तो हो म्हणाला. मला फार धक्का बसला. माझा तसा संबंध नव्हता, मी चहा न्यायला आत होते एवढंच.

काल त्याला सामान आवरायला मदत केली. कपड्यांच्या खोलीतले म्हातारे ऑसी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, लॉकरवरची नावाची पट्टी काढली आणि त्याच्या हातात देत म्हणाले, "घे रे रेडिओ, पर्थला लाव." लीथ ती पट्टी बूट पुसायच्या फडक्यात गुंडाळत राहिला. पोरं आली होती, खूप गोंगाट करत होती, जसं काही तो सुट्टीवर चाललाय. तो कुणाशी काही बोलला नाही. म्हणजे पूर्वीसारखा.

गाडीत मला एवढंच म्हणाला, "नेरी, मी इतका वाईट खेळलो का गं?" मी म्हटलं, नाही. मग सिग्नल सुटला.

मटण खाऊन महिना झाला नव्हता.

इकडे वारा सुटलाय. मी बरी आहे. काळजी करू नकोस.

नेरिडा


यारामिंटा,
१९ ऑक्टोबर

प्रिय नेरिडा,

मी काळजी करत नाही, मी संतापले आहे. तुझ्या बाबांनी टिटव्यांचा मफलर कुत्र्याच्या घरात अंथरला. कुत्राही त्यावर झोपेना, म्हणून बाहेर फेकला. थेल्माने स्वतःहून फोन केला, म्हणजे बघ. "ग्लेनिस, मी ऐकलं नाही हं, पण मला फार वाईट वाटलं."

आणि आज टपालाच्या ट्रकने सभासदांचं पत्रक आणलं. बाबा चौदा वर्षं वर्गणी भरतात म्हणून येतं ते. 'यंदाच्या अदलाबदलीचं मूल्यमापन' असं मोठ्या अक्षरात, प्रत्येक व्यवहाराला शेरा. हॅलोरनच्या व्यवहाराला 'उत्तम'. आणि त्याखाली काय लिहिलंय ते तू वाचलंस का? "व्यवहारात वर दिलेला क्विल्टी: नुकसान नगण्य." नगण्य! खाली नाव नाही. कोण आहे हा शहाणा? आयुष्यात कधी कुणाच्या अंगावर धावून गेलाय का तो? त्याची आई कुठे राहते ते कळलं तर मी तिला लिहीन, की बाई, तुमच्या मुलाला एवढं लिहायला शिकवलंत, थोडी लाज शिकवायची राहिली.

तुझे गुण या लोकांनी वाचलेच नसणार. साडेपाच म्हणजे काही शेवटचा नंबर नव्हे. मी प्रॉसरला पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात मी सरळ विचारणार आहे: माझ्या मुलीने, स्वतःच्या भावाच्या बाबतीत, कुणी केला नसता इतका प्रामाणिकपणा दाखवला, एक गुण कमी करून दिला, तो कागद तुम्ही पाहिला तरी का? शुक्रवारच्या ट्रकने टाकते.

लीथ फोनवर फक्त हो-नाही करतो. त्याला रोज फोन कर.

आई


मेलबर्न,
२३ ऑक्टोबर

आई,

टाकू नकोस. ते पत्र गेलं नसेल तर फाड. मी फोनही केला होता, पण बाबांनी उचलला, आणि त्यांचा आवाज ऐकून मी पावसाचं विचारलं आणि ठेवला.

तू विचारलंस तो शहाणा मी आहे. पत्रकातलं मूल्यमापन मी लिहिलं. दरवर्षी वॉली लिहितात. यंदा म्हणाले, आकडे तुझे, तूच लिही. त्या शब्दाखाली माझं नाव नव्हतं म्हणून मागच्या पत्रात मी तुला सांगितलं नाही. दुसरंही सांगितलं नाही.

मी नुसती चहा न्यायला आत नव्हते. भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्या खेळाडूंच्या नावांचे चुंबक लावले होते, माझ्या गुणांप्रमाणे, वरून खाली. वॉली फोनवर पर्थशी बोलत होते. सगळं जमत आलं होतं आणि तिकडचा माणूस म्हणाला, वर काहीतरी द्या. वॉलींनी फोनवर हात ठेवून आम्हाला डोळा मारला. "सुऱ्या मागतोय!" टीव्हीवर तो तवे विकणारा माणूस असतो ना, शेवटी ओरडतो, 'आणि वर सहा सुऱ्यांचा संच फुकट!' व्यवहारात वर फुकट टाकलेल्या खेळाडूला इथे सगळे तेच म्हणतात. मीसुद्धा म्हणत आलेय. हसतसुद्धा आलेय.

वॉली फळ्याजवळ गेले. तळाच्या दोघांचे करार बाकी होते, त्यांना हलवता येत नव्हतं. त्यावर लीथ, साडेपाच. त्यावर मॉर्गन टीग, सहा. वॉलींचं बोट लीथच्या नावावर थांबलं, आणि ते माझ्याकडे वळले. खोलीतले सगळेच वळले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुझ्या घरचा माणूस आहे. बोल. काही म्हणायचंय?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तो आकडा खरा नाही. खरा साडेसहा आहे, टीगच्या वर. पण सगळे बघत होते आणि मला वाटलं, आता बोलले तर कोण विश्वास ठेवेल? भावावर वेळ आल्यावर बहिणीला गुण आठवला, असंच म्हणतील. मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही."

वॉली म्हणाले, "शाबास." आणि फोनवरचा हात काढला.

मी ट्रे उचलला. कुणीतरी म्हणालं, "हिच्यासारखी माणसं क्लबला हवीत." आई, मला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. सगळ्यात लाज मला त्याचीच वाटते. गप्प बसल्यापेक्षाही.

त्याच संध्याकाळी मूल्यमापन लिहिलं. 'नगण्य' लिहिताना थांबले होते. 'थोडं' लिहिलं तर पक्षपात दिसेल असं वाटलं. एकदा कमी लिहिलं की ते सांभाळायला आणखी कमी लिहावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

तू मला सरळ हाताची म्हणालीस. ते पत्र मी ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलंय.

नेरिडा


यारामिंटा,
२१ नोव्हेंबर

प्रिय नेरिडा,

एवढे दिवस लिहिलं नाही ते रागावले म्हणून नाही. तसं तुला वाटलं असणार, म्हणून आधी सांगते. प्रॉसरचं पत्र चुलीत गेलं.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी केली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला म्हणाले, "हे तिने कुठून घेतलं?" आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. कोंबड्यांना त्या दिवशी तिसऱ्यांदा दाणे पडले.

डल्सी आली होती गेल्या आठवड्यात, तिन्ही पोरी घेऊन. अजून मला 'बाई' म्हणते. मी जाम लावलेले पाव दिले आणि सहज विषय काढल्यासारखं विचारलं, की तुला आठवतं का गं, मी या दोघांना एक गुण कमी द्यायची? माझी समजूत होती, ती म्हणेल, हो बाई, किती न्यायाने वागायचात तुम्ही.

ती म्हणाली, "आठवतं ना. मला नको व्हायचं ते."

"नको? का?"

"लीथला माझ्याहून जास्त यायचं, बाई. पहिली मात्र मी. तो मान खाली घालून मला 'शाब्बास डल्सी' म्हणायचा. मला वाटायचं, टेबलाखाली जाऊन बसावं." मग तिला वाटलं मला लागलं, म्हणून घाईने म्हणाली, "पण माझ्या आईला फार आवडायचं हं. सगळ्या मळ्यांवर सांगायची, मॅडम किती चांगल्या."

तेच होतं, नेरिडा. मी एकटी बाई, नवरा महिना-महिना कुंपणांवर, आणि स्वयंपाकघरातल्या बाईने मला चांगलं म्हणावं असं मला फार वाटायचं. चांगलं म्हणवून घेण्याचे पैसे माझ्याकडून द्यायला हवे होते. मी ते तुमच्या पाटीवरून दिले. आणि वर तुम्हाला शिकवलं की याला न्याय म्हणतात. सप्टेंबरात तू विचारलंस तेव्हाही, पुन्हा तेच शिकवलं. तू विचारलं होतंस, आणि मी छाती फुगवली.

म्हणजे तू सुटलीस असं नाही. तोंड तुझं होतं आणि ते बंद राहिलं. मी खोटं बोलून तुला बरं वाटायला लावणार नाही, तुला ते पटायचंही नाही. प्रॉसरला जाऊन सांग. मग लीथला लिही. फोनवर नको, फोनवर तो 'हो' म्हणेल आणि संपेल.

बाबांनी मफलर धुऊन तारेवर टाकलाय. का, ते विचारलं नाही.

आई


मेलबर्न,
१२ डिसेंबर

प्रिय आई,

सांगितलं. वॉली मैदानावर कुंपणाला टेकून सँडविच खात होते. मी मनात वाक्यं जुळवून गेले होते; पहिलं बोलले आणि बाकीची विसरले. "लीथ साडेसहाचा होता. मी साडेपाच लिहिले. घरचा म्हणून एक काढला." त्यांनी चावणं थांबवलं.

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

"तुम्हाला वाटू नये, की मी वाढवून दिले."

ते मैदानाकडे वळले. तिथे हॅलोरन एकटा उड्या मारत होता. मग म्हणाले, "पोरी, वाढवलेला खोटा आणि घटवलेला खोटा, मला दोन्ही खोटेच. मी त्या फळ्यावर विश्वास ठेवून माणूस विकला."

मी म्हटलं, हो.

"आणि मी विचारलं होतं तुला. सगळ्यांसमोर. ते गमतीने नव्हतं विचारलं. तू म्हणाली असतीस, वॉली, आकडा चुकलाय, तर मी टीगला दिलं असतं आणि दुसरा शब्द काढला नसता. मला तो पोरगा आवडायचा." उरलेलं सँडविच त्यांनी समुद्रपक्ष्यांना टाकलं. ते कधी अन्न टाकत नाहीत. "आणखी कुणाचे काढलेस? कुणाचे घातलेस?"

मी शपथेवर सांगितलं, कुणाचे नाही. ते म्हणाले, "बहुतेक नाहीच. पण आता मला सगळे तपासायला हवेत ना? हेच वाईट झालं."

नोकरी आहे. मोजायचं काम माझं. नजरेचे तीन गुण मात्र यापुढे मी द्यायचे नाहीत. फळ्यापाशीही नाही. मला त्याबद्दल तक्रार नाही. आता ते मला मास्तरीणबाई म्हणत नाहीत, 'नेरिडा' म्हणतात, आणि ते जास्त लागतं.

लीथला त्याच दिवशी लिहिलं. सगळं, 'शाबास' ऐकून बरं वाटलं तेसुद्धा. उत्तर नाही. नाताळला तो येणार नाही म्हणाला ना? तू वाट बघू नकोस. मीही बघत नाही असं म्हणते, आणि टपालवाल्याची शिट्टी ऐकली की जिन्यावर जाते.

नेरिडा


पर्थ,
२० फेब्रुवारी १९९४

नेरी,

उशीर झाला. तीन वेळा लिहायला घेतलं. मी तसाही हळू लिहितो, तुला माहीत आहे.

पहिलं हे. पत्रक मी ऑक्टोबरातच वाचलं होतं, टपालात पडायच्या आधीच ऑसींनी दाखवलं. क्लबात 'नगण्य' हा शब्द लिहिणारं दुसरं कोण आहे? वॉलींनी लिहिलं असतं तर 'चालेल' लिहिलं असतं. त्यामुळे तू लिहिलंस हे मला गाडीत बसलो तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून तुला विचारलं, मी इतका वाईट खेळलो का. तू नाही म्हणालीस. मग सिग्नल सुटला.

मला राग आला होता. तू कळवलंस म्हणून कमी झाला असं नाही. डिसेंबरात जास्तच झाला. पत्र घेऊन समुद्रावर गेलो, वाचलं, आणि पाण्यात शिरलो. इकडे पाणी फार गार असतं सकाळी. परत येऊन पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, ती मला वाईट समजते. ते सोपं होतं. तू मला चांगला समजत होतीस आणि तरी बोलली नाहीस, हे अवघड आहे. अजून आहे.

इथली पोरं बरी आहेत. मला अजून नाव मिळालेलं नाही. एकाने विचारलं, तुला जुन्या क्लबात काय म्हणायचे? मी सांगितलं नाही. ते त्यांच्याकडेच राहू दे. ऑसींची पट्टी खिडकीत ठेवली आहे.

आता आईच्या त्या गुणाचं. तुम्हा दोघींना वाटतं मला माहीत नव्हतं. मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. चूक एकही नाही आणि दहापैकी नऊ, हे दुसरं काय असणार? म्हणून मी काय करायचो सांगतो. आईने पाटी परत दिली की मनातल्या मनात एक मिळवायचो आणि तो आकडा धरायचो. कधी वाईट वाटून घेतलं नाही. तुझं साडेपाच पत्रात वाचलं तेव्हाही आधी तेच केलं, सवयीने. साडेसहा, बरोबर, म्हटलं.

पण वॉलीला कुणी सांगितलं नव्हतं ना, की क्विल्टींच्या घरात एक मिळवून वाचायचं असतं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही तिकडे येतोय, टिटव्यांशी खेळायला. मला संघात घेतलं तर. तू मैदानावर असशीलच. माझे गुण काढ. सगळे दहाच्या दहा, नजरेचे तीनसुद्धा, वॉलीसाठी नाही, माझ्यासाठी. चार येऊ देत नाहीतर आठ. कागदावर लिही आणि सामना संपला की पाहुण्या संघाच्या खोलीच्या दाराशी ये आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दे.

या वेळी मी एक मिळवून वाचणार नाही.

लीथ